केल्टिक ढाली, तलवारी आणि त्यांच्यावरची नक्षी: हे 'गूढ अर्थ' ठरवले कुणी?

अडगळीतला

मंडळी, फॅमिली ग्रुपवर एक तक्ता फिरत आला, 'प्राचीन केल्टिक चिन्हे व त्यांचे गूढ अर्थ'. तीन भोवरे म्हणजे शरीर-मन-आत्मा, न संपणारी गाठ म्हणजे अखंड प्रेम, रानडुक्कर म्हणजे शौर्य, तलवार म्हणजे सत्य वगैरे वगैरे. खाली धडाधड नमस्कार आणि फुलं. मला या विषयाचं जुनं खूळ आहे, तिथे काही लिहिलं तर काकालोक रुसतात, म्हणून धागा इथे काढतोय.

त्या तक्त्यात एका ओळीत बसवलेल्या गोष्टींमध्ये चार हजार वर्षांचं अंतर आहे, इथूनच सुरुवात. तीन भोवरे आहेत आयर्लंडच्या न्यूग्रेंज थडग्यातल्या दगडावर, आणि ते थडगं साधारण इ.स.पू. ३२०० चं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधीचं. त्या गुंतागुंतीच्या गाठी, ज्या आता प्रत्येक टॅटूवाल्याच्या भिंतीवर असतात, त्या आल्या इ.स. सातव्या शतकापासून पुढे, ख्रिश्चन मठांतल्या पोथ्यांमध्ये, आणि त्यात रोमन फरशांची नक्षी आणि अँग्लो-सॅक्सन सोनारकाम दोन्हीचा हात आहे. मधले लोहयुगातले केल्ट, म्हणजे मध्य आणि पश्चिम युरोपातल्या टोळ्या, ज्यांच्याशी ग्रीक-रोमन खरोखर लढले, त्यांच्या ढाली-तलवारींवर त्या टॅटूछाप गाठी शोधून सापडत नाहीत.

मग असतं काय? नुसतं वळण. सरळ रेघेशी त्यांचं वाकडं असावं. या शैलीला ला तेन म्हणतात, स्वित्झर्लंडमधल्या नॉशातेल तळ्याकाठच्या जागेवरून, सुरुवात साधारण इ.स.पू. ४५०. त्या काळात दक्षिणेकडून ग्रीक आणि एट्रुस्कन (इटलीतले जुने लोक) दारूची भांडी व्यापारात वर जायची, त्यांच्यावर कमळ, पंख्यासारखं उघडलेलं पान अशी ठरलेली नक्षी. केल्ट कारागिरांनी ती उचलली आणि अशी काही पिळली की मूळ मालकाला ओळखू येऊ नये, पानाची वेल, वेलीचा डोळा, डोळ्याचं नाक, आणि परत वेल. फ्रान्समधल्या बास-युत्झला १९२७ मध्ये सापडलेली कांशाच्या सुरयांची जोडी ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे, तिच्या चोचीवर एक इवलं बदक बसवलंय, दारू ओतायला लागलं की ते धारेत पोहतंय असं वाटतं. म्हणजे लोक विनोदी पण होते.

आणि माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे बॅटरसी ढाल. १८५७ मध्ये चेल्सी पुलाचं काम चालू असताना थेम्स नदीतून निघाली. लांबी जेमतेम ७८ सेंटिमीटर, पत्रा पातळ, त्यावर तीन मोठे गोल, आणि त्यात लालभडक काचेचे २७ ठिपके. काळ इ.स.पू. ३५० ते ५० च्या मधला कुठलातरी. गोलांच्या सांध्यावर टक लावून बघितलं की शिंगांचं जनावर आपल्याकडे बघतंय असं वाटतं, मान जरा तिरकी केली की जनावर गायब, फक्त पानं.

माझं म्हणणं एवढंच की या लोकांनी स्वतःच्या चिन्हांबद्दल एक ओळ लिहून ठेवलेली नाही. सीझर सांगतो की त्यांचे ड्रुइड, म्हणजे पुरोहित, वीस-वीस वर्षं पाठांतर करायचे आणि ते ज्ञान लिहिणं त्यांच्यात निषिद्ध होतं, बाकी हिशेबाला ग्रीक अक्षरं चालायची. तर 'अमुक चिन्ह म्हणजे तमुक' हे सांगायला साक्षीदारच नाही. अर्थ काढायचाच असेल तर वस्तू कशी बनवली, कशी वापरली आणि शेवटी कुठे टाकली यावरून काढावा. बोला.

---

तांबटआळी

धागा आवडला. नक्षीच्या अर्थातलं मला काही कळत नाही, पण घरी चार पिढ्या ठोकाठोकीचं काम, त्यामुळे फोटो मोठा करून करून बघितला. हा पत्रा मागून उठवलेला आहे. म्हणजे राळेवर पालथा ठेवून मागून ठोकायचं, मग उलटा करून पुढून कडा बसवायच्या. कांसं तांब्यापेक्षा हट्टी, थोडं ठोकलं की कडक होतं, परत तापवून मऊ करायचं, परत ठोकायचं, नाहीतर चीर जाते. आणि अडगळीतला म्हणतायत तसे जे गोल आहेत ते एकाच पत्र्यात नाहीयेत, वेगळे करून रिव्हेटने बसवलेत आणि रिव्हेट अशा जागी घेतलेत की दिसू नयेत. हे काम करणाऱ्याने आधी पूर्ण ढाल डोक्यात उभी केली होती, मग तुकडे पाडले.

लढाईत याचा काही उपयोग नाही हो. तलवारीचा एक घाव बसला तर पत्र्याला भोक. मागे लाकूड असणार आणि हा वरचा दागिना.

---

अडगळीतला

@तांबटआळी, लाखमोलाचा प्रतिसाद. म्यूझियमवाले पण तेच म्हणतात, मागे लाकडाची ढाल होती आणि हा फक्त दर्शनी भाग. शिवाय आकाराने लहान, अंग झाकायलाही पुरत नाही. ढाल मिरवायची होती, आणि शेवटी नदीला द्यायची होती असं बहुतेक जाणकार धरून चालतात.

---

डब्लिनकर

मी इथे बारा महिने हा माल बघते, गिफ्ट शॉपमध्ये प्रत्येक वस्तूला एक छापील चिठ्ठी लावलेली असते त्यावर 'पाच हजार वर्षांची परंपरा' असतंच. या प्रकाराची सुरुवात कुठून झाली त्याची एक भारी गोष्ट सांगते. इथल्या नॅशनल म्यूझियममध्ये तारा ब्रूच म्हणून आहे, आठव्या शतकाच्या आसपासचं, चांदीवर सोन्याच्या तारेचं काम, इतकं बारीक की भिंग घेऊन बघावं लागतं आणि मागची बाजू, जी कपड्याला लागून कुणालाच दिसणार नाही, तीही पुढच्याइतकीच नक्षीदार. तर हे १८५० मध्ये बेटीस्टाउनला समुद्रकिनाऱ्याजवळ सापडलं. तारा ही आयर्लंडच्या जुन्या राजांची टेकडी, तिचा आणि या ब्रूचचा काडीचा संबंध नाही. ज्या डब्लिनच्या सराफाकडे ते आलं त्याने नाव ठेवलं 'तारा', कारण राजघराण्याचा वास आला की खपतं, आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याच्या नकला मांडल्या. धो धो खपल्या. केल्टिक दागिन्यांची जी लाट आली ती तेव्हापासून, आणि चिठ्ठ्यांवरचे अर्थ त्या बाजाराच्या पोटातून आलेत.

पण एक आहे, अडगळीतला, तुम्ही गाठींना जरा जास्तच झोडपताय. बुक ऑफ केल्स, म्हणजे मठातली बायबलची पोथी, ट्रिनिटी कॉलेजमध्ये पान उलटलेलं असेल तेव्हा जाऊन बघा, इ.स. ८०० च्या आसपासचं, त्यात एका अक्षराच्या पायाशी मांजरं आणि उंदीर आहेत, आणि भोवऱ्यांचे गोल जे आहेत ते थेट तुमच्या त्या ढालीच्या खानदानातले. ब्रिटन-आयर्लंडमध्ये ती वळणाची भाषा मेली नाही, भिक्षूंनी ती गाठींच्या शेजारी आणून बसवली. म्हणजे गाठ नवी पण घर जुनंच.

---

शेवटचा_बाक

मंडळी, मूळ मुद्दा राहूनच गेला. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या चांदीच्या भांड्यावर मांडी घालून बसलेला, डोक्याला शिंगं असलेला, भोवती जनावरं असलेला देव आहे. आमच्या मोहेंजोदडोच्या पशुपती मुद्रेची हुबेहूब कॉपी. त्याच भांड्यावर देवीच्या दोन्ही बाजूंना हत्ती आहेत, गजलक्ष्मी!! डेन्मार्कात हत्ती कुठून आला? ड्रुइड वीस वर्षं पाठांतर करायचे, म्हणजे घनपाठीच की. दोन अधिक दोन करा.

---

अडगळीतला

आले आले, मी वाटच बघत होतो :)

---

मृण्मयी_ग

शेवटचा_बाक, तुमचा प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र तुम्हाला आवडणार नाही. (मी आर्किऑलॉजीत एमए केलंय, आता बँकेत आहे, त्यामुळे अशा धाग्यांवरच तहान भागवते.)

ते भांडं म्हणजे गुंडेस्ट्रुपचं घंगाळ. १८९१ मध्ये दलदलीत सापडलं, पीट (दलदलीतली जळाऊ माती) काढणाऱ्या माणसांना. सुमारे नऊ किलो चांदी, व्यास ६९ सेंटिमीटर, आणि महत्त्वाचं म्हणजे पत्रे सुटे करून आत रचून ठेवलेले होते, कुणीतरी मुद्दाम. सापडलं डेन्मार्कात पण घडण तिथली नाही, चांदी ठोकायची ही पद्धत थ्रेसकडची, म्हणजे आजचा बल्गेरिया-रुमानियाचा पट्टा. तिथल्या सोनारांना ग्रीक जगाकडून हत्तीची चित्रं माहीत होती, अलेक्झांडरनंतर त्या भागातले राजे लढाईत हत्ती आणायचे. आणि भांड्यावरचे हत्ती नीट बघा, अंगावर ठिपके, पाय भलतेच, हत्ती समोर कधी बघितला नसलेल्या माणसाने काढलेत.

आता पशुपती. मोहेंजोदडोची ती मुद्रा इ.स.पू. २००० च्याही मागे जाते, घंगाळ इ.स.पू. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचं धरतात. मध्ये दोन हजार वर्षं आणि हजारो किलोमीटर, आणि या सगळ्या अंतरात तसं तिसरं चित्र सलग कुठे मिळत नाही. शिवाय शिंगं वेगळी आहेत, मुद्रेवर म्हशीची, घंगाळावर सांबरासारखी फाटे फुटलेली. हातात एका बाजूला टॉर्क, म्हणजे गळ्यात घालायचं पिळाचं जाड कडं, आणि दुसऱ्या हातात साप, ज्याला मेंढ्याची शिंगं आहेत! मेंढ्याच्या शिंगांचा साप ही खास गॉलची, म्हणजे आजच्या फ्रान्सकडची भानगड, तो तिथल्या दगडी शिल्पांमध्येही येतो. पॅरिसमध्ये नोत्र दाम चर्चखाली, रोमन काळात नावाड्यांनी उभारलेल्या एका खांबाचे तुकडे १७११ च्या सुमारास निघाले, त्यावर असाच शिंगांचा देव आहे, शिंगांना टॉर्क अडकवलेले, आणि वर नाव कोरलंय, केरनुनोस. शिंगाच्या देवाचं नाव कळतं ते त्या खांबावरून. नाव कळलं, देव काय करायचा ते तरीही कळत नाही.

---

शेवटचा_बाक

मान्य नाही पण टायपिंगला दाद. मांडी घालून बसणं तरी आपलं ना?

---

मृण्मयी_ग

गॉलमधले लोक जेवायला जमिनीवरच बसायचे असं ग्रीक लेखक सांगतात. खुर्ची नसेल तर माणूस मांडीच घालणार हो.

---

कोंबडीपळाली

घंगाळाचा विषय निघालाच आहे तर त्याच्यावरचं शस्त्रवालं पान कुणी का घेत नाही? माझा इंटरेस्ट तिथे आहे. खालच्या रांगेत पायदळ, लांब ढाली आडव्या धरलेलं, शेवटी तिघे जण उभे राहून कार्निक्स वाजवतायत. कार्निक्स म्हणजे माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर जाणारं उभं रणशिंग आणि वरच्या टोकाला रानडुकराचं तोंड. डाव्या बाजूला एक अगडबंब बाई की बाप्या कोण असेल ते एका माणसाला उलटा धरून हंड्यात बुचकळतंय, आणि वरच्या रांगेत घोडेस्वार उलट दिशेने चाललेत. मेलेले पायदळ बुडवून घोडेस्वार करून बाहेर काढतायत असा एक अंदाज आहे, बळी देतायत असा दुसरा. स्वारांच्या शिरस्त्राणांवर एकाच्या डुक्कर, एकाच्या पक्षी.

आणि ही कल्पना नव्हे बरं, रुमानियात चुमेश्टला १९६१ मध्ये एका थडग्यात खरंच असं शिरस्त्राण सापडलं, वर कांशाचा शिकारी पक्षी आणि त्याचे पंख बिजागरीवर बसवलेले. घोडा दौडला की पंख फडफडणार! समोरून हे येताना बघणाऱ्याची काय तंतरली असेल.

रानडुकराबद्दल मात्र मी त्या व्हॉट्सअॅप तक्त्याच्या थोडा बाजूने आहे. डुक्कर सगळीकडे आहे ना. लिंकनशरमध्ये विदम नदीत १८२६ मध्ये ढाल मिळाली, तिच्यावर लांब लांब पायांचा डुक्कर पूर्वी ठोकलेला होता, आता फक्त रिव्हेटची भोकं आणि पुसट आकार राहिलाय. स्कॉटलंडमध्ये डेस्कफर्डला १८१६ च्या सुमारास कार्निक्सचं तोंड मिळालं, डुकराचंच, मूळचा हलता जबडा आणि आत स्प्रिंगवर लाकडाची जीभ होती असं धरतात. फ्रान्समध्ये तँतिन्याकला २००४ मध्ये देवळाच्या आवारात एका खड्ड्यात सात कार्निक्सचे तुकडे मिळाले, त्यातही डुकरंच जास्त, एक सापासारखं. डेस्कफर्डवरून नव्वदच्या दशकात एक चालू वाद्य बनवलं गेलं, त्याचं रेकॉर्डिंग नेटवर आहे, रात्री हेडफोन लावून ऐकू नका. इतक्या ठिकाणी लढाईच्या सामानावर एकच जनावर येत असेल तर 'लढाऊपणा' एवढा अर्थ तरी काढायला हरकत नसावी.

---

अडगळीतला

@कोंबडीपळाली, यात माझी हरकत नाहीच, हा अर्थ तुम्ही वस्तूंवरून काढलात. पण डुक्कर फक्त रणशिंगावर नाही, त्यांच्या थडग्यांतही डुकराचं मांस पुरलेलं मिळतं, मेजवानीचा वाटा. म्हणजे लढणारं जनावर आणि पानात वाढायचं जनावर एकच. 'डुक्कर = शौर्य' म्हटलं की ही अर्धी बाजू उडून जाते.

---

नाव_सुचत_नाही

सगळे ढाली ढाली करतायत, तलवारीचं काय? मी वाचलं होतं की केल्टांच्या तलवारी इतक्या फालतू होत्या की पहिल्या घावाला वाकायच्या आणि पायाखाली घेऊन सरळ कराव्या लागायच्या.

---

अडगळीतला

हे पॉलिबियसने लिहिलंय, इ.स.पू. २२३ च्या उत्तर इटलीतल्या लढाईबद्दल. पॉलिबियस ग्रीक, लिहितोय रोमनांच्या कौतुकात, त्यामुळे चिमूटभर मीठ घ्यावं. पात्यांची धातुतपासणी झालेली आहे, काही मऊ लोखंडाची आहेत, काही उत्तम, सरसकट रद्दी मुळीच नव्हत्या.

पण यातली खरी मजा वेगळी. केल्ट लोक तलवारी मुद्दाम वाकवायचे. थडग्यात ठेवताना किंवा देवाला देताना पातं दुमडून, कधी तर पार घडी घालून टाकायचे. फ्रान्समध्ये देवस्थानांच्या चरांमध्ये अशा ढिगाने मिळाल्यात. माणूस मेला तसं त्याचं हत्यारही मारायचं, असा अर्थ लावतात. काही अभ्यासकांना तर वाटतं की अशा वाकवलेल्या तलवारींच्या ऐकीव गोष्टींवरूनच ती 'वाकणारी तलवार' निघाली असावी.

आणि नक्षी बघायची तर म्यानावर बघा. दोन प्राणी समोरासमोर, ड्रॅगन म्हणा काहीही म्हणा, म्यानाच्या तोंडाशी. हीच जोडी हंगेरीपासून ब्रिटनपर्यंत मिळते. हजार मैलांवरचे लढवय्ये एकच खूण कमरेला लावून फिरतायत म्हणजे तो त्यांच्यातल्या कुठल्यातरी बिरादरीचा बिल्ला असणार, आता देवाचा की दर्जाचा, त्यावर ज्याने त्याने भांडावं.

यॉर्कशरमध्ये कर्कबर्नला १९८७ मध्ये मिळालेली तलवार तर कहर आहे. लोखंड, कांसं, शिंग मिळून ७० तुकड्यांची जोडणी, मुठीवर लाल काच. ज्याच्या थडग्यात मिळाली त्या माणसाला खड्ड्यात ठेवल्यावर छातीत तीन भाले खुपसलेले होते. मेल्यावर. तक्त्यात याचा अर्थ कुठल्या रकान्यात घालणार?

---

शेवटचा_बाक

नदीत जे जे सापडलं ते सगळं अर्पण हे कशावरून? पूर येतो, होडी उलटते, पुलावर मारामारी होते. बॅटरसी ढाल कुणाच्या तरी हातातून पडली आणि तो रडत घरी गेला असंही असेल.

---

मृण्मयी_ग

हा प्रश्न खरंच चांगला आहे आणि तज्ज्ञही त्यावर भांडतात. खुद्द ला तेनलाच घ्या. १८५७ मध्ये तळ्याचं पाणी ओसरलं तेव्हा खांब उघडे पडले आणि शस्त्रं मिळायला लागली, पुढच्या उत्खननांत एकूण अडीच हजारांच्या आसपास वस्तू, त्यात दीडशेहून जास्त तलवारी, कित्येक म्यानात, कित्येकींना वापराची खूणही नाही. कुणी म्हणालं गोदाम, कुणी म्हणालं पूल पुरात कोसळला, कुणी म्हणालं पूजास्थान.

पण मग वेल्समधलं लिन केरिग बाख बघा. १९४२ मध्ये अँगल्सी बेटावर विमानतळ बांधत होते, वाळू उडू नये म्हणून दलदलीतलं पीट आणून पसरत होते, त्यात एक लोखंडी साखळी आली. दणकट दिसली म्हणून ट्रॅक्टरला लावून चिखलात रुतलेले ट्रक ओढायला वापरली. नंतर कळलं ती दोन हजार वर्षं जुनी, माणसांना गळ्यात अडकवून एका रांगेत न्यायची साखळी आहे. आणि तरी तुटली नाही! त्याच जागी दीडशेच्या वर वस्तू निघाल्या, तलवारी, भाले, ढालींचे भाग, रथांची सामग्री, त्यातल्या काही मुद्दाम वाकवलेल्या. तिथे ना नदी ना पूल, छोटंसं तळं. होडी उलटून रथ कसा पडेल?

थेम्समधून १८६८ मध्ये वॉटर्लू पुलाजवळ शिंगांचं शिरस्त्राण मिळालं, तेही पातळ पत्र्याचं, मिरवण्याचं. एक वस्तू हातातून पडली समजू. पण दरवेळी दिखाऊ आणि महागडीच कशी पडते? शेवटी रेल्वे पुलावरून जाताना नदीत नाणं टाकणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये, फक्त हे लोक नाण्याऐवजी घरातली सगळ्यात भारी वस्तू टाकत होते.

---

जालन्याचा

अवांतर होईल पण लिहितो. हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडचे पहाडी लोक, केल्टच धरले तर त्यांचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध आहे. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, शिंदे आणि नागपूरकर भोसले एकीकडे, वेलस्ली दुसरीकडे. वेलस्लीकडे ७४ वी आणि ७८ वी हायलँडर पलटण होती. ७४ वी तर गावाजवळच्या तोफांसमोर गेली आणि निम्म्याहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. कंपनी सरकारने त्यांना जादाचा तिसरा ध्वज दिला, त्यावर हत्ती आणि 'असई'. पुढे त्या वारशाच्या पलटणीच्या बिल्ल्यावरही हत्ती आला. म्हणजे स्कॉटिश पहाडी पलटणीचं चिन्ह मराठवाड्यातला हत्ती. पाचशे वर्षांनी कुणी म्हणेल केल्ट लोक हत्तीपूजक होते :D

---

अडगळीतला

@जालन्याचा, अवांतर कसलं, तुम्ही तर माझाच मुद्दा पुराव्यानिशी मांडलात. हा हत्ती कुणी दिला, कधी, कशासाठी, सगळं कागदावर आहे म्हणून अर्थ माहीत आहे. कागद काढून घ्या आणि नुसता बिल्ला मातीतून काढा, शेवटचा_बाक लगेच गजलक्ष्मी म्हणतील.

आणि गाठींना झोडपतो म्हणून डब्लिनकरांनी टोकलं होतं, तर गाठी शस्त्रांवर खरंच आल्या त्या हायलँडमध्येच. सतराव्या-अठराव्या शतकातल्या टार्ज, म्हणजे लाकडावर चामडं ताणलेल्या गोल ढाली, त्यांच्या चामड्यावर गाठी उठवलेल्या असतात, आणि डर्क म्हणून जो लांब सुरा असतो त्याच्या लाकडी मुठीवर कोरलेल्या. १७४६ ला कलोडनच्या लढाईत हायलँडरांची सरकारी फौजेकडून हार झाली, त्याच वर्षी शस्त्रबंदीचा कायदा कडक केला, पहाडी पोशाखावरही बंदी आली ती १७८२ पर्यंत. बंदी उठेपर्यंत ती हत्यारं वापरणारी पिढीच सरली होती, मग ती आली पोशाखी होऊन, डर्क लग्नात लावायला.

---

शेवटचा_बाक

म्हणजे थोडक्यात भारताशी जुना संबंध शून्य. ठीक आहे. आम्ही आपले बाकावर.

---

मृण्मयी_ग

शून्य कशाला, एक आहे आणि चांगला भक्कम आहे. पोवळं.

त्या बास-युत्झच्या सुरयांवर जे पांढरट तुकडे दिसतात ना ते मुळात लाल पोवळं आहे, रंग उडालेलं. विदम ढालीच्या मधल्या फुगवट्यातही पोवळी बसवलेली आहेत. सुरुवातीच्या ला तेन कामात लाल रंग म्हणजे भूमध्य समुद्रातलं पोवळं. मग साधारण इ.स.पू. तिसऱ्या शतकानंतर ते कमी कमी होत जातं आणि त्याच जागी लाल काच येते, बॅटरसी ढालीवर आहे ती. का? तर रोमन लेखक प्लिनी इ.स. पहिल्या शतकात लिहितो की गॉल लोक पूर्वी तलवारी, ढाली, शिरस्त्राणं पोवळ्याने सजवायचे, पण आता ते निर्यातीत इतकं जातं की जिथे निघतं तिथेही बघायला मिळत नाही. आणि जातं कुठे? भारतात. तो म्हणतो रोमन बायकांना जसं मोत्यांचं वेड तसं भारतीयांना पोवळ्याचं, आणि तिथले जाणते लोक त्याला संकटापासून राखणारं मानतात.

म्हणजे मंगळासाठी करंगळीशेजारच्या बोटात आपण जे घालतो त्याच्या मागणीने, प्लिनीचं मानलं तर, केल्टांच्या ढालीवरचं पोवळं संपलं. हा संबंध घ्या शेवटचा_बाक, नकाशावर रेघ मारता येते असा.

---

शेवटचा_बाक

हे जबरदस्त आहे. आमच्या आज्जीची पोवळ्याची अंगठी आता वेगळ्या नजरेने बघणार. मृण्मयीताई, वेगळा धागा काढाच यावर.

---

डब्लिनकर

वाखूसा (वाचनखूण साठवली). प्लिनीचं हे माहीत नव्हतं. म्हणजे त्यांना दगड महत्त्वाचा नव्हता, लाल महत्त्वाचं होतं, पोवळं नाही मिळालं तर काच चालेल पण लालच. या रंगाचा काहीतरी अर्थ होता असं म्हणायला जागा आहे.

---

अडगळीतला

+१. आणि ती काच साधी नाही, अपारदर्शक, लाखेसारखी लाल, तांब्यामुळे तो रंग येतो आणि भट्टीत हवा जास्त लागली की हिरवट पडते. कच्ची काच बाहेरून आणावी लागत असणार. स्वस्तातला पर्याय म्हणावा असं ते काम नव्हतं.

---

शेवटचा_बाक

एक मिनिट, आत्ता बॅटरसी ढालीचा फोटो मोठा करून बघतोय. त्या लाल ठिपक्यांच्या आत कांशाची जाळी आहे, ती स्वस्तिक आहे की नाही ते सांगा!!

---

अडगळीतला

स्वस्तिकासारखी आहे खरी. पण ग्रीक मडक्यांवर शेकड्याने आहेत, आणि ज्यांचं सगळं कामच गोल गोल फिरणारं, त्यांनी गोलात चार हात फिरवले की तेच होणार.

---

तांबटआळी

मी कारागिराच्या बाजूने बोलतो, पटलं तर घ्या. काच तापवून मऊ करून खोबणीत दाबायची तर गुळगुळीत खोबणीत ती धरत नाही, गार होताना आक्रसते आणि सुटते. आत जाळी असेल तर काच तिच्यात अडकून बसते. नुसती फुली केली तरी धरेल, पण टोकं वळवली की पकड वाढते, माझ्या मते म्हणून वळवलीत. पोवळ्याला हे लागत नाही, पोवळ्याला भोक पाडून मधून खिळा घालतात. आता टोकं वळवल्यावर ते स्वस्तिक झालं आणि मालकाला आवडलं असेल तर ते त्याचं तो जाणे.

---

शेवटचा_बाक

म्हणजे आधी स्वस्तिक आणि मग पकड की आधी पकड आणि मग स्वस्तिक?

---

तांबटआळी

आधी गिऱ्हाईक. मजुरी कुणी दिली ते शोधा.